मिठाचं भांडं आणि मूठभर तांदूळ



दशलक्षण पर्व जवळ आलं की घरात दोन कामं एकदम सुरू होतात. एक पर्वाची तयारी, दुसरी खरेदी. नेमक्या याच दिवसांत सगळीकडे सेलच्या जाहिराती येतात आणि त्यांतल्या निम्म्या एकच गोष्ट सांगतात. आयुष्य एकदाच मिळतं, आजचा दिवस जगून घ्या, उद्या कोणी पाहिलाय! मोबाइल असो, सहल असो की दागिने, उपदेश तोच.

या उपदेशाचं मूळ दोन हजार वर्षं जुनं आहे. होरेस नावाच्या रोमन कवीच्या एका छोट्या कवितेत ते आहे. ती कविता आणि तिच्या आजूबाजूच्या कविता वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की, या कवीच्या नावावर खपवला जाणारा उपदेश त्याने केलेलाच नाही. त्याने खर्च करायला नाही, हाव आवरायला सांगितलं होतं. आणि खेड्यातल्या एका साध्या गृहिणीला त्याने जे सांगितलं आहे, ते आपल्या बस्तीत सवाल सुरू व्हायच्या आधी वाचून दाखवावं असं आहे. तो आपला नाही, आणि कुठे नाही तेही मी पुढे सांगणार आहे. पण आधी त्याचं म्हणणं नीट ऐकू या.

होरेसचा जन्म इसवी सनपूर्व ६५ मध्ये दक्षिण इटलीतल्या वेनुसिया या गावी झाला. म्हणजे भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर साधारण साडेचारशे वर्षांनी. त्याचे वडील आधी गुलाम होते, मग मुक्त झाले आणि लिलावात पैसे गोळा करण्याचं काम करू लागले. ऐपत बेताची, पण मुलाला शिकवण्यासाठी त्यांनी त्याला रोमला आणलं आणि तिथे ते स्वतः त्याच्याबरोबर शाळेत जात. होरेसने हे सगळं लाज न बाळगता लिहून ठेवलं आहे. पुढे तो अथेन्सला शिकायला गेला, तिथून ब्रूटसच्या सैन्यात ओढला गेला आणि इसवी सनपूर्व ४२ मध्ये फिलिप्पीच्या लढाईत हरलेल्या बाजूला होता. परत आला तेव्हा वडिलांचं घर आणि जमीन गेलेली होती. सरकारी खजिन्यात कारकुनी करत तो कविता लिहू लागला. मीसीनस नावाच्या धनाढ्य माणसाचा आधार मिळाला आणि रोमपासून काही अंतरावर, सॅबाइन डोंगरांत त्याला एक शेत मिळालं. त्याच्या गीतकवितांचे पहिले तीन भाग इसवी सनपूर्व २३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ८८ कविता आहेत. चौथा भाग पुढे काही वर्षांनी आला, त्यात १५. आपण त्यांना आज 'ओड' म्हणतो. वीणेसारख्या वाद्यावर गायच्या ग्रीक गीतांचे छंद त्याने लॅटिनमध्ये आणले.

या कवितांची मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्या बहुतेक कोणाला तरी उद्देशून आहेत. मित्राला, शेजाऱ्याला, एखाद्या बाईला. समोर बसून समजूत घालावी तसा सूर. आपल्या आज्या बोलायच्या तसा.

ती प्रसिद्ध कविता फक्त आठ ओळींची आहे. ल्युकोनोए नावाच्या स्त्रीला कवी सांगतो आहे. थंडीचे दिवस आहेत, समुद्र खडकांवर आदळतो आहे. ती ज्योतिषाचे आकडे मांडून पाहते आहे, आपल्याला किती वर्षं मिळणार म्हणून. कवी म्हणतो, ते विचारू नकोस. लांबलचक आशा छाटून टाक. आणि आजचा दिवस खुडून घे.

खुडून घे. मूळ लॅटिन क्रियापद फूल किंवा फळ खुडण्यासाठी वापरतात. ओरबाडण्यासाठी नाही. इंग्रजीत त्याचं भाषांतर पुष्कळदा 'झडप घाल' अशा अर्थाने झालं आणि तिथून सगळा घोटाळा झाला. 'लांब आशा छाट' हे आधीचं वाक्य तर कोणत्याच कपावर किंवा टी-शर्टवर छापलेलं दिसत नाही. कारण आशा छाटलेल्या माणसाला काही विकता येत नाही.

इथे मला आपलं लेश्यावृक्षाचं चित्र आठवतं. अनेक मंदिरांत भिंतीवर असतं. सहा माणसं, सहाही भुकेली, फळांनी लगडलेल्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळासकट पाडू. दुसरा म्हणतो, खोड तोडू. तिसरा मोठ्या फांद्या तोडायला निघतो, चौथा लहान फांद्या. पाचवा म्हणतो, पिकलेली फळं तेवढी खुडून घेऊ. सहावा म्हणतो, खाली पडलेली पुष्कळ आहेत, तीच खाऊ. भूक सगळ्यांची सारखीच आहे. पण भाव कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंत चढत गेले आहेत. जाहिरातीतला 'आजचा दिवस' हा पहिल्या माणसाचा आहे. होरेसचा 'आजचा दिवस' पाचव्या माणसाचा आहे. सहाव्यापर्यंत तो पोचत नाही. पण पहिल्याच्या तोंडी त्याचं वाक्य घालणं हा अन्यायच आहे.

आता मिठाच्या भांड्याकडे येते. ग्रॉस्फस नावाच्या एका मोठ्या जमीनदाराला होरेसने एक कविता लिहिली आहे. ग्रॉस्फसकडे सिसिलीत शेकडो गुरं, घोडे, उंची जांभळे कपडे. कवी त्याला सांगतो की वादळात सापडलेला खलाशी शांती मागतो, लढणारा सैनिकही शांती मागतो, पण ती सोन्याने विकत मिळत नाही. थोडक्यात नीट कोण जगतो? ज्याच्या साध्या टेबलावर वडिलांच्या वेळचं मिठाचं भांडं चकचकीत दिसतं आणि ज्याची झोप भीतीने किंवा हावेने मोडत नाही, तो. बाकीचे देश बदलतात, पण स्वतःपासून कोण पळू शकतं? चिंता जहाजावर चढून माणसाच्या बरोबरच येते.

घर चालवणारी कोणतीही बाई हे भांडं ओळखेल. आपल्याकडे सासूबाईंचा पितळी डबा असतो, आईची पळी असते. बाजारात त्याची किंमत नाही. घासून लख्ख ठेवलेलं असतं, रोज वापरलं जातं आणि त्यामुळे कुणाचीही झोप उडत नाही. त्याच घरात माळ्यावर न उघडलेली डिनर सेटची खोकी असतात. त्यांची मात्र काळजी असते. दिवाळीला पुसायची, भाडेकरू बदलला की मोजायची. आणखी एका कवितेत होरेस म्हणतो की शंभर किल्ल्या लावून जपलेली तुझी उंची दारू शेवटी तुझा वारसच ओतणार आहे. दारूच्या जागी आपण रेशमी साड्या ठेवल्या तरी वाक्य बदलावं लागत नाही.

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेली नाही, मूर्च्छेवर केली आहे. मूर्च्छा म्हणजे 'हे माझं' या भावनेत भान हरपणं. लाखो रुपयांच्या व्यवहारात माणूस निर्मोही असू शकतो आणि एका फुटलेल्या कपापायी घर डोक्यावर घेऊ शकतो. होरेसला हे कळलेलं होतं. मिठाचं भांडं त्याच्या कवितेत चमकतं ते चांदीचं आहे म्हणून नव्हे, त्याच्या मागे धाक नाही म्हणून.

पण म्हणून संख्या सोडून द्यायची का? इथे मला आपला मार्ग त्याच्यापेक्षा पक्का वाटतो. होरेसचा दुसरा गाजलेला सल्ला म्हणजे सोनेरी मध्यम. फार खोल समुद्रात जाऊ नको, फार किनाऱ्यालाही चिकटू नको. मोडकं घर नको आणि लोकांच्या डोळ्यांत खुपणारा वाडाही नको. उंच पाइन वृक्षालाच वारा जास्त हलवतो. ऐकायला छान आहे. अडचण अशी की 'मधलं' हे शेजाऱ्यांवरून ठरतं. गल्लीत सगळ्यांकडे एक गाडी असेल तर एक म्हणजे मध्यम. सगळ्यांकडे दोन झाल्या की एकवाला गरीब वाटू लागतो आणि मध्यम आपोआप वर सरकतो. आपण रोज म्हणत राहतो की आम्ही साधेच आहोत, आणि साधेपणाची रेषा दर दिवाळीला वर जाते.

परिग्रह परिमाण व्रतात असं होत नाही. तिथे आकडा असतो. इतकी घरं, इतकं सोनं, इतकी वस्त्रं, इतकं धान्य. शेजारी काहीही करो, आकडा हलत नाही. लहान असो वा मोठा, तो आपण स्वतः ठरवलेला असतो आणि त्याच्या पुढे आलेलं आपलं नसतं. कवीचा सल्ला मनाला पटतो, व्रत हाताला अडवतं. बाजारात उभं असताना मला दुसऱ्याचीच जास्त गरज पडते.

होरेसची आणखी एक कविता मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात परिग्रह आणि हिंसा एकत्र दिसतात. त्यात तो म्हणतो, माझ्या घराचं छत हस्तिदंताचं किंवा सोन्याचं नाही, मला माझं शेत पुरे. आणि मग तो एका श्रीमंताकडे वळतो. मरण जवळ आलं तरी तो बांधतोच आहे. बाये या हवा खाण्याच्या ठिकाणी जमीन पुरेना म्हणून समुद्रात भराव घालतो आहे. शेजारच्या कुळांचे बांध उकरून त्यांची जमीन घेतो आहे. आणि त्या घरातून एक नवरा-बायको बाहेर पडतात, छातीशी घरचे देव आणि अंगावर फाटके कपडे असलेली लेकरं धरून.

ही कविता वाचली की कळतं, अपरिग्रह ही केवळ आपल्या आत्म्याची खाजगी स्वच्छता नाही. माझ्याकडे जे गरजेपेक्षा जास्त येतं ते कुठून तरी निघालेलं असतं. आपण रात्री जेवत नाही, कंदमुळं टाळतो, पाणी गाळतो आणि ते योग्यच आहे. पण प्लॉट घेताना तिथून कोण उठलं हे विचारत नाही. मुंगी वाचवणाऱ्या हाताने सही करताना तेवढंच जपायला हवं. पहिलं आणि पाचवं अणुव्रत वेगळं काढून पाळता येत नाही, एवढं त्या रोमन जोडप्याकडे पाहून मला पटतं.

आता त्या गृहिणीची गोष्ट. तिचं नाव फिडिले. खेड्यात राहते. अमावास्येनंतर नवा चंद्र उगवला की तळहात आकाशाकडे करून ती प्रार्थना करते. घरातल्या लहानशा देवमूर्तींना रोजमेरीची आणि मर्टलची पानं वाहते. कवी तिला सांगतो की डोंगरावर आणि कुरणांत बळीसाठी पोसलेली मोठी जनावरं ही पुरोहितांच्या कुऱ्हाडीसाठी आहेत. तुला मेंढ्यांचे बळी द्यायची गरज नाही. तुझा हात कसलीही महाग भेट न घेता वेदीला लागला तरी थोडं पीठ आणि तडतडणारं मीठ एवढ्यावर घरचे देव प्रसन्न होतात. हाताबद्दलच्या लॅटिन शब्दाचा अर्थ काही अभ्यासक 'रिता' असा घेतात, काही 'निर्दोष' असा. मला दोन्ही चालतात.

कविता पूर्ण शुद्ध नाही. सुरुवातीला धूप आणि नव्या धान्याबरोबर एका डुकराचाही उल्लेख आहे. पण ज्या नगरीत बैलांच्या रांगा कापल्या जात, तिथला एक नावाजलेला कवी एका शेतकरणीला सांगतो की तुझं पीठ-मीठ पुरेसं आहे. ही मोठीच गोष्ट आहे.

आपल्याकडे हे याहून सुंदर सांगितलेलं आहे. रत्नकरंड श्रावकाचारात आचार्य समंतभद्रांनी राजगृहीच्या बेडकाचा दाखला दिला आहे. भगवंतांचं समवसरण आलं आहे म्हणून तो आनंदाने एक फूल घेऊन निघाला. कथा सांगते की वाटेत राजा श्रेणिकाच्या हत्तीच्या पायाखाली तो सापडला आणि त्या भावामुळे देवगतीला गेला. पूजेचा महिमा सांगताना आचार्यांनी हत्तीवरून निघालेल्या राजाचं नाही, बेडकाचं उदाहरण निवडलं.

आणि आपण काय करतो? पर्वात बस्तीत पहिल्या कलशाचा सवाल होतो, आरतीचा होतो, शांतिधारेचा होतो. आकडे माइकवरून पुकारले जातात. मला माहीत आहे की मंदिराचा खर्च असतो. जीर्णोद्धार, पुजाऱ्यांचा पगार, मुनिसंघाच्या चातुर्मासाची व्यवस्था, हे सगळं दानातूनच होतं आणि दान हे श्रावकाचं कर्तव्य आहे. देणाऱ्यांच्या भावनेवर मी शंका घेत नाही. माझं म्हणणं त्या बायकांबद्दल आहे ज्या डबीत मूठभर तांदूळ आणतात आणि सवाल सुरू झाला की खांबाच्या मागे सरकतात. त्यांना कोणी 'मागे जा' म्हणत नाही. आकडाच त्यांना मागे ढकलतो. दर वर्षी असं मागे सरकणारी बाई हळूहळू समजू लागते की पुढचा धर्म पैसेवाल्यांचा आणि मागचा आपला. बेडकाच्या धर्मात असं व्हायला नको.

आता तो कुठे आपला नाही ते सांगते. होरेसच्याच एका नितळ झऱ्यावरच्या कवितेत तो त्या झऱ्याला उद्या एक करडू वाहणार आहे. करडाच्या कपाळावर नुकती शिंगं फुटू लागली आहेत, ते कवी प्रेमाने टिपतो, आणि लगेच सांगतो की त्याचं रक्त थंड पाण्यात मिसळेल. इतकं बारीक पाहणाऱ्या डोळ्यांना ते करडू दिसलं आणि तरी दिसलं नाही. मी ती कविता पुन्हा वाचत नाही. त्याच्या 'थोडक्यातल्या' शेतावर आठ गुलाम राबत, हेही त्याच्याच लेखनावरून कळतं. स्वतःचे वडील गुलाम राहिलेले असताना. ल्युकोनोएला तो दिवस खुडायला सांगतो तेव्हा त्याच ओळींत दारू गाळायलाही सांगतो. तिच्या हातात गाळणं आहे, आपल्याही हातात आहे. तिथे ते चवीसाठी आहे. आपण पाणी गाळतो ते त्यातल्या जिवांसाठी, आणि कापडावर राहिलेली जिवाणी परत त्याच पाण्यात सोडतो.

सगळ्यांत मोठा फरक उद्याचा आहे. होरेसकडे मरणानंतर फक्त अंधारं, सावल्यांचं जग आहे. म्हणून त्याचा आजचा दिवस शेकोटी, मित्र आणि प्याला यांपाशी संपतो. आपल्याला बारा भावना शिकवल्या आहेत. पहिली अनित्य. ती त्याने जितकी सुंदर गायली आहे तितकी फार थोड्यांनी गायली असेल. पण तो तिथेच थांबतो. संवर, निर्जरा, बोधिदुर्लभ हे त्याच्या वाटेवर नाहीत. दिवस निसटतो आहे, हे दोघांनाही कळलं. तो म्हणतो, म्हणून गोड करून घे. आपल्याला सांगितलं आहे, म्हणून जागी राहा.

मग वाचायचं कशाला, असं कुणी विचारेल. अनेकांत म्हणजे सगळंच बरोबर असं नाही. समोरच्याच्या म्हणण्यात जेवढं खरं आहे तेवढं ओळखायचं आणि उरलेलं बाजूला ठेवायचं. तांदूळ निवडताना आपण तेच करतो. खडे आहेत म्हणून पोतं फेकत नाही आणि भूक लागली म्हणून खडे शिजवत नाही.

या दशलक्षणासाठी माझ्या दोन सूचना आहेत. आकिंचन्याच्या दिवशी, म्हणजे नवव्या दिवशी, घरातल्या सगळ्यांनी बसून एकाच गोष्टीचं परिमाण ठरवा. साड्या, चपला, भांडी, काहीही. आकडा कागदावर लिहा आणि जास्तीचं पर्व संपायच्या आत देऊन टाका, ज्याला लागेल त्याला. दुसरी सूचना बस्तीच्या कमिट्यांना. दहांपैकी एक दिवस सवाल नको. त्या दिवशी पहिला कलश चिठ्ठीने ठरवा आणि चिठ्ठीत प्रत्येक घराचं नाव असू द्या, मागे उभ्या राहणाऱ्यांचंही. निधी कमी पडेल ही भीती असेल तर दानपेटी उघडी ठेवा. द्यायचं आहे ते देतीलच, फक्त आकडा पुकारला जाणार नाही.

तुमच्या गावच्या बस्तीत असं काही होत असेल तर मला जरूर कळवा. इतर कमिट्यांना सांगायला उपयोगी पडेल.